सातवा तास कुणी खोडला

तुमच्या मुलांना कॉलेजात शिकवणारी बाई पुढच्या टर्मला तिथे असेल की नाही, हे तुम्ही तिला कधी विचारलं आहे?

मीही विचारलं नव्हतं. २०१७ च्या ऑक्टोबरात प्रांतभरच्या कॉलेजांतले शिक्षक संपावर गेले, तेव्हा आमच्या गणिताच्या बाईंनी फाटकाजवळ उभ्याउभ्या मला सांगितलं. पाच वर्षं त्यांना दर टर्मला नेमणुकीचं नवं पत्र मिळायचं, आणि प्रत्येक पत्रात आठवड्याचे सहाच तास असायचे. सातवा तास दिला की युनियनचा करार आणि त्यातला पगार लागू होतो, म्हणून तो द्यायचाच नाही. बाकीचे तास त्या दुसऱ्या गावच्या कॉलेजात घ्यायच्या. संप त्यांचा नव्हताच, युनियनमध्ये त्यांना जागा नव्हती. तरी त्या रोज सकाळी फाटकावर येत.

मी तेव्हा त्या कॉलेजात शिकत होते आणि मिल्टनमध्ये आत्याच्या बेसमेंटमध्ये राहत होते, आणि आत्या त्याच कॉलेजची उपाध्यक्ष होती. नागपूरहून या देशात आली तेव्हा तीही इथे संध्याकाळचे सहा तास शिकवायची. मग पूर्णवेळ शिक्षक, विभागप्रमुख, डीन, उपाध्यक्ष. आता अध्यक्ष निवृत्त होणार होते आणि शेवटच्या दोन उमेदवारांत ती होती. नियामक मंडळाचा निर्णय महिन्याभरात यायचा होता.

आमचं घर पत्रकांवर वाढलं. बाबा नागपुरात वीज कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहायचे. त्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर मी अक्षरं गिरवली. आत्या त्यांची धाकटी बहीण, शाळेत असल्यापासून त्यांचा मजकूर तपासायची. बाबांचा नियम साधा होता: काय झालं ते लिहा आणि कुणी केलं ते लिहा. दुसरं गाळलंत, तर छापू नका.

मी बाईंच्या सहा तासांवर पत्रक लिहायला घेतलं. हा नियम कधीपासून आहे, असं त्यांना विचारलं. त्यांनी जे वर्ष सांगितलं, त्या वर्षी आत्या डीन होती. मी ते ऐकलं आणि लिहिलं, 'हा नियम प्रशासनाने केला.'

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत एका निवृत्त डॉक्टरकाकांनी मला चकल्यांच्या टेबलापाशी गाठलं. "आत्याला आधी अध्यक्ष होऊ दे," ते म्हणाले, "मग कर तुझी क्रांती. बेसमेंट तरी शाबूत राहील." सगळे हसले. मी रागावून निघून आले. राग त्यांच्यावर कमी होता, माझ्यावरच जास्त. पत्रकात मी तेच तर केलं होतं.

संप सुरू झाल्यापासून घरी आत्या आणि मी बोलत नव्हतो. ती माझ्या पोळ्या झाकून ठेवायची, मी ताट विसळून ठेवायचे.

फाटकावरची पद्धत अशी होती, की आत जाणारी प्रत्येक गाडी पाच मिनिटं अडवायची, पत्रक द्यायचं आणि सोडायची. नोव्हेंबरातल्या एका सकाळी माझ्या रांगेत आत्याची गाडी आली. माझ्यामागे बाई घड्याळ धरून उभ्या होत्या. आत्याने काच खाली केली.

"दे."

तिने ते सावकाश वाचलं. मग पर्समधून पेन्सिल काढली. वेळापत्रकं ती नेहमी पेन्सिलीनेच करायची.

"प्रशासन म्हणजे कोण गं?"

सगळे मिळून, मी म्हणाले.

"सगळे मिळून कोणी काही करत नसतं. डीन मी होते. सातवा तास मी खोडला. तुला माहीत नव्हतं?"

"होतं."

"मग?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने 'प्रशासनाने' वर रेघ मारली, वर 'तेव्हाच्या डीनने, म्हणजे आताच्या उपाध्यक्षांनी' असं लिहिलं आणि कागद परत दिला. "दादाने हे छापू दिलं नसतं," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, पाच मिनिटं झाली.

तिने धाडस केलं की मला डिवचलं, हे मला आजही सांगता येत नाही. दुपारी मी लायब्ररीत बसले. पत्रक होतं तसंच वाटत राहिले तर तिची निवड वाचत होती. दुरुस्त करून छापलं, तर ती माझ्या हातून जाणार होती, आणि तेही तिच्याच अक्षराने. मी छापलं. दुसऱ्या दिवशी पहिली प्रत तिलाच दिली. तिने चूक शोधली, सापडली नाही. "आता बरोबर आहे," म्हणाली आणि आत गेली.

ती अध्यक्ष झाली. निवडीच्या संध्याकाळी तिने स्वतःच सांगितलं, की मुलाखतीत एका सदस्यासमोर माझं पत्रक होतं. त्याने विचारलं, हा नियम तुमचाच का? ती हो म्हणाली. "तो खूश झाला गं, यात किती पैसे वाचले ते विचारलं," आत्या म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली. मी तिच्याविरुद्ध लिहिलेला कागद तिथे तिचं शिफारसपत्र ठरला होता.

जानेवारीत बाईंच्या पत्रात सहाच तास होते. मी आत्याला विचारलं, तर म्हणाली, एकदम होत नाही, थांब. मे महिन्यात बाईंना पत्रच आलं नाही.

म्हणून मी थांबायला सांगत नाही. उद्या तुमच्या मुलाला विचारा, त्याला कोण शिकवतं. त्या बाईंना विचारा, तुम्हाला किती तास मिळतात आणि ते कुणी ठरवले. मग कॉलेजच्या अध्यक्षांना पत्र लिहा आणि त्यात ठरवणाऱ्याचं नाव घाला, ओळखीचं असलं तरी.