छापलेली विहीर

नोकरी मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत काढली. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतला म्हणायला हरकत नाही. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. ऑनलाइन विश्वकोशात आधीपासून लिहीत होतोच. आता दर रविवारी सकाळी निगडीतल्या एका वाचनालयात नव्या लोकांना लेख सुधारायला शिकवू लागलो. माझं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "तुम्हाला माहीत आहे म्हणून लिहायचं नाही. कुठं छापलंय ते दाखवा." हे म्हणताना मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

दिवाळीनंतर वर्गाला एक बाबा आले. चऱ्होलीच्या पलीकडल्या गावचे, सत्तरीचे, शेतात आता सोसायट्या उभ्या राहिलेल्या. नातवाचा लॅपटॉप बाजाराच्या पिशवीत घालून आणला होता. त्यांना गावाच्या लेखातलं एकच वाक्य बदलायचं होतं.

"आमची हीर एका घरान्यानं बांधली आसं लिवलंय, सर. समद्या गावानं खांदली ती. माझ्या आईनं दोन उन्हाळे मातीच्या पाट्या वाह्यल्या. सव्वीस जानेवारीला शाळंतली पोरं गावची माहिती वाचत्यात. आईला नीट ऐकाया येत न्हाई, मला इचारती, आलं का रं आमचं? मी दर साली न्हाई म्हनतो. नव्वदीच्या वर हाय ती. तिच्या हयातीत एवढं व्हावं."

"छापलेलं काही आहे का?" मी सवयीनं विचारलं आणि लेख उघडला. त्या वाक्याला दोन संदर्भ होते, शाळेची स्मरणिका आणि एका वर्तमानपत्राची पुरवणी. मग पानाचा इतिहास पाहिला, म्हणजे कोणतं वाक्य कुणी कधी घातलं त्याची यादी. हे वाक्य सगळ्यात आधी घालणारा मी होतो.

मग आठवलं. पुष्कळ वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून त्या गावी गेलो होतो. विहिरीच्या कठड्यावर एका घराण्याच्या नावाची संगमरवरी पाटी होती. त्यांनी नुसता कठडा दुरुस्त केला होता; मी धरून चाललो की विहीरच त्यांची. शेजारी बायका धुणं धूत होत्या. त्यांना विचारायला दोन मिनिटं पुरली असती, पण ऊन फार होतं. पुढे स्मरणिकेनं माझं वाक्य जसंच्या तसं उचललं, पुरवणीनं स्मरणिकेतून घेतलं, आणि कुणी सज्जनानं ते दोन्ही आणून माझ्याच वाक्याला टेकू दिले.

बाबांना मी एवढंच म्हणालो, "बघतो." माझी मलाच लाज वाटली.

घरी येऊन ते वाक्य काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते परत जागेवर. परत आणणारी माझीच विद्यार्थिनी, वाकडला राहणारी, आयटीतली, वर्गातली सगळ्यात हुशार. टोपणनावामागे मी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं मला निरोपही ठेवला होता: "आपल्या उत्साहाचं कौतुक आहे, मात्र स्वतःची माहिती हा पुरावा नव्हे." नवख्यांसाठी हा मजकूर मीच लिहून दिला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करणार?

एक वाट होती. लेखामागे चर्चेचं पान असतं, तिथं कबुली द्यायची. पण मग माझ्या बाकीच्या शेकडो लेखांवर कोण विश्वास ठेवणार? अशा पाट्या मी आणखी किती वाचल्या होत्या, ते मला चांगलं ठाऊक होतं. कारखान्यात खराब माल परत मागवता येतो. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. मला दोन्हीकडे तीच विहीर दिसत होती.

रविवारी वर्गासमोर सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "म्हंजे तुमीच व्हय." रागावले असते तर बरं झालं असतं.

मी चर्चेत लिहिलं, त्या विद्यार्थिनीनं तारखा ताडून माझं वाक्य स्मरणिकेच्या आधीचं असल्याची खात्री केली आणि वाक्य निघालं. पण गावानं विहीर खणली हे कुठंच छापलेलं नाही, म्हणून तेही घालता येईना. विहीर कुणाची, याबद्दल लेख आता गप्प आहे.

सव्वीस जानेवारीला बाबांनी बोलावलं म्हणून त्यांच्या गावच्या शाळेत गेलो. म्हातारी पुढच्या खुर्चीवर बसली होती. एक मुलगी स्मरणिका घेऊन उभी राहिली. मी घाईनं शाळेच्या बाईंना गाठून म्हटलं, त्यातलं चुकलंय, मी लेखातून काढलंय. बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "सर, पण हे छापलंय ना."

मुलीनं माझं वाक्य खणखणीत वाचलं. टाळ्या झाल्या. म्हातारीनं बाबांची बाही ओढली. "आलं का रं आमचं?"

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग तिच्या कानाशी वाकले. "आलं, आये. समद्या गावाचं नाव आलं."