पस्तीस नंबरची कबर

प्रमिला वासनिकचा फोन वाजला तेव्हा तीनला पंचवीस मिनिटं कमी होती. पलीकडे ऋजुता होती. प्रमिला उत्खननाच्या खड्ड्यात उतरून मापं घ्यायची आणि ऋजुता साइटवरच्या केबिनमध्ये बसून ती नकाशावर चढवायची.

"ताई, तुझे मठवासी हवेत तरंगतायत. निर्वाणाला निघालेत की काय?"

"मस्करी पुरे. नीट सांग."

"छत्तीस ते एक्केचाळीस, सगळ्या कबरी जमिनीच्या वर दिसतायत. सत्तर सेंटीमीटर."

प्रमिलाने हातातल्या पोलकडे, मोजणीयंत्राला नेम धरायला टोकाशी प्रिझम लावलेल्या दांड्याकडे, पाहिलं. पोल दोन मीटरवर होता. यंत्रात पोलच्या उंचीचा आकडा होता एक मीटर तीस; तेवढीच उंची वजा करून यंत्र जमिनीची पातळी काढायचं. सकाळी मातीच्या ढिगाऱ्याआडून प्रिझम दिसेना, म्हणून तिनेच तो वर ओढला होता. आकडा बदलायचा राहून गेला. नेमका कधी ओढला, ते काही केल्या आठवेना.

चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकमधला सिव्हिलचा डिप्लोमा तिने नवऱ्याच्या, राजानंदच्या, नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या नोकरीपायी नऊ वर्षं कपाटात ठेवला होता. मुलं मोठी झाली, डच भाषा जिभेवर बसली, आणि चाळिशी उलटल्यावर तिला हे काम मिळालं. करार महिनाअखेरीस संपणार होता. पुढचं मारायकेच्या हातात होतं. मारायके उत्खननाची प्रमुख.

ब्रेडाजवळच्या या वाळूत बाराशे वर्षांपूर्वीच्या मठातली माणसं पुरलेली होती. हाडं कधीच विरघळून गेली होती. उरल्या होत्या माणसाच्या आकाराच्या काळपट सावल्या. मोजायच्या, फोटो काढायचे आणि फावड्याने उकरून पुढे जायचं. दुसऱ्यांदा मोजायची सोय नाही.

"छत्तीसपासून सत्तर वजा करते," ऋजुता म्हणाली. "पण पस्तीसचं काय?"

पस्तीस नंबरची कबर चौतिसाच्या पायाशी आडवी होती. सगळ्या दफनभूमीत तेवढी एकच आडवी.

"ती चौतिसापेक्षा अडुसष्टने वर दिसतेय," ऋजुता म्हणाली. "खरंच वर असेल तर पुष्कळ नंतर पुरलेली. नाहीतर..."

"नाहीतर माझा पोल."

"दोन्हीपैकी एक धरू आपण. कोण बघायला येतंय?"

तीन वाजता जागा बिल्डरच्या ताब्यात जायची होती. पाणी उपसणारे पंप बंद होणार होते आणि खड्डा बुजवायला जेसीबी काठावर येऊन थांबलेलाही होता. प्रमिला सरळ मारायकेकडे गेली.

"चूक माझी आहे. पोलची उंची बदलली नाही. पस्तीसचं माप खरं की खोटं, मला सांगता येत नाही."

मारायकेचा चेहरा उतरला. "पस्तीसच? बाकी कुठलीही चालली असती."

"तिचं एक टोक खड्ड्याच्या भिंतीत गेलं होतं. ते अजून असेल. मला तिथे जाऊ दे."

"भिंत वाळलीय. आता काय दिसणार?" मारायकेने घड्याळ पाहिलं. "सतरा मिनिटं. ड्रायव्हरशी मी बोलते, पण तो थांबेल असं वाटत नाही."

प्रमिला फवारणीचा पंप पाठीला लावून धावली. भिंत पांढरीफटक पडली होती. तिने करणीने बोटभर थर खरवडला, पाणी मारलं. नुसती वाळू. हातभर बाजूला पुन्हा खरवडलं, पुन्हा पाणी. वर जेसीबीचं इंजिन सुरू झालं. तिसऱ्यांदा वाळू ओली झाली तेव्हा मुठीएवढा काळा डाग हळूहळू वर आला आणि त्याच्याखाली कबरीच्या तळाची रेघ.

या वेळी तिने आधी पोलवरचा आकडा मोठ्याने वाचला, मग यंत्रावरचा. दोन्ही दोन मीटर. मग बटण दाबलं.

"ऋजुता, काय आलं?"

फोनवर कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग, "सकाळच्यापेक्षा एक सेंटीमीटरचा फरक. ताई, ती खरंच वर होती! पोल तू पस्तीसनंतर ओढलास."

प्रमिला पोल घेऊन वर चढली. मागे वाळूचा पहिला ढीग खड्ड्यात कोसळला.

केबिनमध्ये तिने दिवसाची नोंदवही ओढली आणि शाईने लिहिलं: कबरी छत्तीस ते एक्केचाळीस, उंची सत्तर सेंटीमीटरने दुरुस्त. चूक प्रमिला वासनिक यांची. मारायकेने ते वाचलं. कराराबद्दल ती काहीच बोलली नाही.

"सोमवारी पोल कोण तपासणार?"

"मी," प्रमिला म्हणाली. "आणि माझ्यानंतर आणखी कुणीतरी."

"लिही तेही," मारायके म्हणाली.