शेऱ्याचा रकाना

आमच्या वरच्या मजल्यावरचे चीफसाहेब उद्या देवाघरी गेले, तर चित्रगुप्तासमोर पोचपावती धरून ‘इथे सही करा’ म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडायचे नाहीत. पंचवीस वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये काढलेले हे हर्णैचे गृहस्थ आता सिंगापूरच्या बंदरात किनाऱ्यावरची नोकरी करतात, पण चोआ चू कांग भागातला आपला फ्लॅट मात्र अजून बोटीसारखाच चालवतात. लाल पुठ्ठ्याच्या लॉगबुकात रोजची नोंद ठरलेली. नळाच्या पाण्याचा जोर, फ्रिजचा आवाज, वहिनींचा मूड, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. ‘सौ. विनाकारण चिडलेल्या’ या नोंदीखाली वहिनींनी एकदा ‘वाचले, अमान्य’ असं लिहून झोकदार सही ठोकली, तर हे दुखावले नाहीतच. उलट “पद्धत बरोबर आहे,” म्हणून खूश झाले. बोटीवर चीफ इंजिनिअरच्या हाताखाली सेकंड इंजिनिअर असतो. आमच्या ब्लॉकमध्ये त्यांना माझ्याशिवाय कुणी गळाला लागला नाही, म्हणून चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मला ते ‘सेकंड’ म्हणतात.

दुसरं खूळ हातभर लांबीच्या स्क्रूड्रायव्हरचं. त्याचं टोक चालू यंत्राला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे आतलं बेअरिंग बिघडत असेल तर म्हणे आधीच ऐकू येतं. लिफ्ट असो की कुणाचं वॉशिंग मशीन, या माणसाला मोह आवरत नाही. एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, चिकन राइस घेता घेता त्यांनी स्टॉलवाल्या म्हाताऱ्या काकांचा फ्रीजर ऐकला आणि “अंकल, टू वीक्स ओन्ली,” असं गंभीरपणे सांगून टाकलं. बाराव्या दिवशी फ्रीजर बंद पडला. तेव्हापासून ते काका आम्हा दोघांकडे आम्हीच करणी केल्यासारखं बघतात.

एवढ्या हिशेबी माणसाच्या पोटी आलेली एकुलती एक लेक मुक्ता मात्र कुठल्याच रकान्यात न बसणारी. वय नऊ. तिला ऑटिझम आहे. गणितात बापाचे कान कापील, पण वर्गात एकाएकी कान दाबून टेबलाखाली जाऊन बसते. शाळेचं म्हणणं पडलं की तिला विशेष मुलांच्या शाळेत हलवावं. ती शाळाही चांगलीच होती, पण तिथे हुई मिन नव्हती. शेजारच्या बाकावरची हुई मिन ही मुक्ताची जगातली एकुलती एक मैत्रीण. म्हणून चीफसाहेबांची मागणी एवढीच होती, की पोरीला इथेच ठेवा आणि मदतीला एक शिक्षिका द्या.

शाळेबरोबरच्या पहिल्या दोन बैठकांत त्यांनी मुक्ताच्या अहवालाची प्रत मागितली, झालेलं बोलणं लिहून काढून मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सगळ्यांच्या म्हणजे पाणी घेऊन आलेल्या बाईंचीसुद्धा.

“चीफसाहेब, पालकांचा हा हक्क नेमका लिहिलाय कुठे?” हे ऐकल्यावर मी विचारलं.

“लिहिलेला नसेल तर आपण लिहू. सेकंड, पेन द्या.”

तिसऱ्या बैठकीपर्यंत वहिनींच्या रजा संपल्या होत्या, त्यामुळे साक्षीदार म्हणून माझी वर्णी लागली. फाटकावरच्या रखवालदाराने स्क्रूड्रायव्हर जप्त करून वहीत नोंदवला. चीफसाहेबांनी आनंदाने सही केली आणि ‘वेळेचा रकाना कोरा आहे’ हेही त्याला दाखवून दिलं.

बैठक मुक्ताच्याच रिकाम्या वर्गात होती. उपमुख्याध्यापिका शांत, समजूतदार बाई. त्या म्हणाल्या, आमचा विचार जवळपास पक्का झालाय. चीफसाहेबांनी लॉगबुक उघडलं. पोर कधी, कुठल्या तासाला टेबलाखाली गेली ते वाचत, पानं उलटत ते चालले होते, आणि मध्येच थांबले. हा माणूस वाचताना अडखळलेला मी कधी पाहिला नव्हता. मी वाकून पाहिलं. चार महिन्यांपूर्वीची नोंद होती: ‘मुक्ता म्हणते, वर्गातला पंखा रडतो.’ पुढे शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच सुबक अक्षरात एक शब्द: ‘काल्पनिक.’

त्यांनी मान वर केली. मुक्ताच्या जागेच्या बरोबर वर भिंतीवरचा पंखा फिरत होता. बाईंच्या टेबलावरची लाकडी पट्टी उचलून हे खुर्चीवर चढले, पट्टीचं एक टोक पंख्याच्या मोटरीला टेकवलं, दुसरं कानाला. खिडकीत मधल्या सुट्टीतल्या पोरांची ही गर्दी!

“बेअरिंग,” खाली उतरून ते एवढंच म्हणाले. मग अतिशय अदबीने, “मॅडम, यू ऑल्सो प्लीज.”

आणि त्या बाईही चढल्या हो! त्यांनीही पट्टीला कान लावला. “आय्यो,” त्या म्हणाल्या, “रिअली लाइक क्राइंग, आह.”

पंखा बदलायचं ठरलं. वर्षअखेरपर्यंत मुक्ता त्याच वर्गात, मदतीला शिक्षिका, आणि हे सगळं लेखी. पंख्याने सगळंच मिटलं असं नाही. अजूनही ती कधीकधी टेबलाखाली जाते, आणि वर्षाच्या शेवटी पुन्हा बैठक आहेच. पण त्या दिवशी एक आक्रीत घडलं. चीफसाहेब निघताना सह्या घ्यायला विसरले, आणि फाटकावर स्क्रूड्रायव्हरही विसरले.

तो मी सोडवून आणला आणि संध्याकाळी द्यायला वर गेलो. दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलावर लॉगबुक, बाप-लेक शेजारी शेजारी. लॉगबुकात खाडाखोड करायची नसते. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, तो वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही. ‘काल्पनिक’वर तशी रेघ होती. पुढे लिहिलं होतं, ‘खरे होते. चूक माझी.’ खाली त्यांची सही. मग त्यांनी पेन लेकीपुढे धरलं.

“मुक्ता, तूही सही कर.”

“पप्पा, आय टोल्ड यू ऑलरेडी, व्हॉट,” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, आणि तिने सही केली. अक्षरं इतकी मोठी, की रकाना ओलांडून ती पुढच्या दोन दिवसांच्या नोंदींवर पसरली. एरवी रकान्याबाहेर टिंब गेलेलं न खपणारे चीफसाहेब त्या अक्षरांकडे नुसते बघत राहिले. हाक न मारता स्क्रूड्रायव्हर दाराशी ठेवला आणि मी जिना उतरलो. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मी एक वस्तू पोचपावतीशिवाय दिली.