प्रॉम्प्टरच्या दोन वह्या, रेगेन्सबर्ग

नोव्हेंबरात जर्मनीत फिरायला निघू नये, असं मी येईल त्याला सांगते. आणि २००६च्या नोव्हेंबरात स्वतःच येनाहून रेगेन्सबर्गला निघाले.

कारण होतं एक फोन. मी येनात पीएचडी करते. महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत रशियन लोकांनी केलेली हौशी नाटकं, हा माझा विषय. तो ऐकला की पुण्यातले नातेवाईक विचारतात, "पण नोकरी कशात मिळणार?" देश सोडून आलेल्या बड्या लेखकांवर कपाटंच्या कपाटं भरली आहेत, बराकीत ब्लँकेटचा पडदा टांगून नाटक करणाऱ्यांवर कुणी चार पानं लिहिलेली नाहीत. रेगेन्सबर्गमधल्या रशियन चर्चच्या फलकावर मी अशा नाटकांची माहिती मागणारी एक चिठ्ठी लावून घेतली होती. आठ महिन्यांनी तिला उत्तर आलं. "माझी आई छावणीत प्रॉम्प्टर होती," फोनवर एक म्हातारा आवाज म्हणाला. "तिच्या वह्या आहेत. लवकर ये."

शनिवारी निघालात तर तीसेक युरोंचं वीकेंड तिकीट घ्या. त्यात पाच जण जाऊ शकतात, पण फक्त रिजनल गाड्यांनी. मी एकटीच होते. जालफेल्ड, लिश्टेनफेल्स, न्युरेनबर्ग असं गाड्या बदलत सहा तास गेले. सोबत थेपले घ्या, स्टेशनवरची कॉफी महाग आणि पाणचट असते. रेगेन्सबर्गला माझी शाळेतली मैत्रीण मुग्धा राहते, तिचा नवरा तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिच्याकडे बॅग टाकली आणि तशीच फोन करणाऱ्या वेरा निकोलायेव्हनांकडे गेले.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि सगळीकडे खोकी. ऐंशीच्या जवळपास पोचलेल्या वेरा निकोलायेव्हना मंगळवारी वृद्धाश्रमात राहायला जाणार होत्या. "तिथे मला एकच कपाट मिळणार आहे," त्या म्हणाल्या, आणि चपलांच्या खोक्यातून त्यांनी दोन वह्या काढल्या. छावणीत पुस्तकं नव्हती, म्हणून त्यांच्या आईने अख्खी नाटकं आठवून आठवून लिहून काढली होती, जुन्या सरकारी फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर. समासात पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"इथे प्रेक्षक रडले. पुढच्या वाक्याआधी थांबायचं."

जे शोधायला मी दोन वर्षं वणवण केली होती, ते समोर होतं. माझ्या गाइडबाईंचा नियम आहे: पहिल्या भेटीत कॅमेरा काढायचा नाही, नुसतं ऐकायचं. मी कॅमेरा काढला नाही.

निघताना वेरा निकोलायेव्हनांनी खोकं माझ्यापुढे धरलं. "तू घेऊन जा."

आणि मी म्हणाले, "छे छे, नको! तुमच्या आईची आठवण आहे, तुमच्याजवळच राहू द्या."

त्यांनी मान डोलावली आणि झाकण लावलं. त्या पुन्हा म्हणतील म्हणून मी दारात चपला घालत उगाच रेंगाळले. त्या म्हणाल्या नाहीत. "सोमवारी येते," असं सांगून मी निघाले. मनात म्हटलं, तेव्हा त्या आग्रह करतील आणि मग घेऊ.

रविवारी गाव पाहिलं. डॅन्यूबवरचा दगडी पूल चालतच ओलांडा. पुलाजवळ सॉसेजवाल्यापुढे रांग असते. मी शाकाहारी, त्यामुळे मला पाव आणि मोहरीची चटणी. नदी गढूळ होती, मी मात्र खुशीत होते. मनातल्या मनात प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहून झालं होतं.

सोमवारी दहाला बेल वाजवली. टेबलावर खोकं नव्हतं.

"वह्या?"

"सकाळी आल्टपापियरची गाडी आली होती. रद्दीत दिल्या." वेरा निकोलायेव्हना चहा ओतत होत्या. "तू रशियन शिकलेली, एवढ्या लांबून आलेली. तुलाही नको, तर मग कुणाला हव्या असणार?" मग माझा चेहरा पाहून त्यांचा हात थांबला. "तुला हव्या होत्या का?"

मला ओरडावंसं वाटलं. पण आईच्या हातचं लिखाण आपण कचऱ्यात घातलं, हे ओझं घेऊन या बाईंनी उद्या वृद्धाश्रमात जायचं?

"नाही," मी म्हणाले. "नको होत्या."

मग नाटकांतलं आठवेल तेवढं त्यांनी म्हणून दाखवलं, प्रॉम्प्टर बोलतो तसं दबक्या आवाजात. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. फुल्या कुठे होत्या ते त्यांना आठवेना.

मुग्धाकडे येऊन मी ढसाढसा रडले. "अगं, त्यांना काय माहीत आपलं पहिलं 'नको' कच्चं असतं ते!" ती म्हणाली. "साठ वर्षं जर्मनीत काढली त्यांनी. इथे 'नाइन' म्हणजे नाही, म्हणजे नाहीच. गेनाऊ, अगदी तेवढंच." पुणेकरांना आग्रह करता येत नाही म्हणतात. करून घ्यायची सवय मात्र आम्हाला पुरेपूर आहे, आणि तीच मला नडली.

येनाला परतल्यावर कामाला लागले. प्रबंधाच्या शेवटी साधनांची यादी असते आणि प्रत्येक साधनापुढे 'सध्या कुठे' असा रकाना. त्या दोन वह्यांपुढचा रकाना तीन आठवडे कोरा राहिला. माझं नुकसान मी कसंबसं गिळलं होतं. पण 'तुलाही नको' हे वाक्य पाठ सोडेना. एका बाईंना कमी दुःख व्हावं म्हणून खोटं बोलले, की मला त्यांचं रडणं बघायचं नव्हतं म्हणून? शेवटी वृद्धाश्रमात फोन लावला.

"वेरा निकोलायेव्हना, मी खोटं बोलले. मला त्या वह्या हव्या होत्या. पहिल्या दिवसापासून."

"मग घेतल्या का नाहीस?"

"आमच्याकडे लगेच हो म्हणत नाहीत."

"म्हणजे मी आईच्या वह्या फेकल्या," त्या म्हणाल्या.

"आपण दोघींनी," मी म्हणाले.

त्या रडत होत्या, मीही. आपण फोन करायलाच नको होता, असं मला वाटायला लागलं. मग त्यांनी नाक शिंकरलं.

"रविवारी मला आईच्या कबरीवर नेणार आहेत," त्या म्हणाल्या. "वह्या गेल्या, हे तिला सांगावंच लागेल. पण कुणाला तरी हव्या होत्या, तेही सांगेन."