लॉनची बांधी

आमच्या गच्चीचा पाइप पावसाचं सगळं पाणी थेट लॉनवर ओतायचा. हौसेनं लावलेलं गवत कुजायला लागलं, म्हणून मी पाणी रस्त्याकडे नेणारी नाली खोदली. सकाळी पाहतो तर लॉनचं तळं, आणि मधोमध फावडं घेऊन करडी गावाहून आलेले माझे सासरे!

"जवाईबापू, बांधी फुटली होती. मी बुजवली."

"मामाजी, हे धान नाही, लॉन आहे!"

"गवतच ना? मंग धानच काहून नाही लावत?"

बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी अडवण्यात जन्म गेलेल्या माणसाशी काय भांडणार? मी पाइपला एल्बो लावून पाणी घरामागच्या सांदवाडीत वळवलं आणि सांदवाडी त्यांच्या स्वाधीन केली. लॉन वाचलं. मागे आता धान डोलतं, आणि पावसानं दडी मारली की मामाजी गच्चीकडे बघून ओरडतात, "जवाईबापू, वरून थोडं सोडा ना!"