होळीआधी लावलेली वांगी

लग्न होऊन मी असोद्याहून धुळ्याला आले, तेव्हा आईनं ट्रंकेत साड्यांच्या घडीत वांग्याच्या बियांची पुरचुंडी ठेवली होती. भरीत खावं तर आमच्या असोद्याच्या वांग्याचंच, हा माझा माहेरचा तोरा. धुळ्याच्या बाजारातली वांगी मला वांगी वाटतच नसत, आणि हे मी सासरी आल्या आल्या बोलूनही टाकलं होतं. आता पिकवून दाखवणं भाग होतं.

वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात माती भरून मी सगळं बी एकदमच पेरलं. डबा चुलीजवळच्या खिडकीत ठेवला. रोपं अशी तरारली की माघ सरता सरता डब्यात मावेनात. ती अंगणातल्या वाफ्यात कधी लावायची, यावरून सासूबाईंचं आणि माझं जुंपलं. त्यांना घरात सगळे अक्का म्हणत.

“घाई कसाले करस व माय? होळी जयू दे, मंग लाव.”

माझं म्हणणं, शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते. होळीपर्यंत थांबलं तर आपलं ऊन रोपांना मूळ धरू देणार आहे का? मी शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी रोपं लावली आणि जग जिंकल्यासारखी मिरवले.

त्या वर्षी शिवरात्र लवकर आली होती, हे थंडीला ठाऊक होतं, मला नव्हतं. दोनच दिवसांत असा गार वारा सुटला की दात वाजायला लागले. थंडी गेली म्हणून मीच दवंडी पिटलेली, त्यामुळे शाल पांघरायचीसुद्धा चोरी. रोपांवर काही झाकावं तर हार कबूल केल्यासारखं. बी तर चिमूटभरही उरलं नव्हतं. रडकुंडीला येऊन मी तशीच झोपले.

सकाळी चहा करायला उठले तर स्वयंपाकघरात एक भांडं जागेवर नाही. पातेली, गंज, पेले, पिठाचा डबासुद्धा गायब. अंगणात आले तर सगळा संसार वाफ्यात पालथा घातलेला! एकेका रोपावर एकेक भांडं, आणि शेजारी शाल गुंडाळून अक्का राखणीला बसलेल्या.

सासरे वेळेचे पक्के. ओट्यावर येऊन त्यांनी विचारलं, “आज चहा शे का नही?”

“पहिले रोपं उठू द्या, मंग चहा,” अक्का म्हणाल्या. सासरे चहाविना ओट्यावर बसले. मला हसू आवरेना, पण नजर पालथ्या भांड्यांवरच होती.

अंगणात ऊन आलं तशी अक्कांनी चहाचं पातेलं उचललं. खाली रोप ताठ उभं होतं, हिरवंगार.

“जगनं व माय, तुन्हं माहेर,” त्या म्हणाल्या.

मला हसू आणि रडू एकदमच आलं. पातेल्याची माती धुऊन मी चहाचं आधण ठेवलं.