टेम्पोत झोपलेली पोर

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; त्यातलं पुष्कळसं पुसट झालं. ताडपत्रीखालची ती आठ वर्षांची पोर मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

देवळाली प्रवराजवळच्या वस्तीवरचा एक शेतकरी टेम्पोत कांदा भरून बाजाराला निघाला होता. मुलगी मागे गोण्यांवर झोपलेली. तो वाटेत चहाला उतरला आणि टेम्पो चोरीला गेला, पोरीसकट. मागे लेकरू आहे हे चोरांना ठाऊकच नव्हतं. दुपारी त्यांनी तिला एका फाट्यावर सोडून पळ काढला. अंगावर ओरखडा नव्हता, पण वाचा बसली होती.

फिर्यादीत बापाने सांगितलं, चावी माझ्या खिशात होती.

लहान मुलाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. मी साध्या कपड्यांत, महिला हवालदारांना घेऊन घरी गेलो. पोरीचे ओठ हलले की आई मीठ-मोहऱ्या ओवाळायची. "जाऊ द्या ना साहेब. विसर गं बाळा, काई झालंच न्हाई." कोपऱ्यातून बाप, "कुनी सांगितलं हुतं मागं झोपायला? पुढं बसली असती तर गाडी गेली नसती!"

पोर पुन्हा मिटायची.

माझं डोकं फिरलं. एक म्हणते काही झालंच नाही, दुसरा म्हणतो तुझ्यामुळे झालं. लेकराने धरायचं काय?

मग चहावाला ठाण्यात आला. "माझं नाव घेऊ नका साहेब, पन गाडी चालूच हुती. बॅटरी उतरलीय, बंद केली तर ढकलावी लागती. आप्पा रोजच चालू ठिवून चहा पित्यात."

बापाला बोलावलं. दरडावलं नाही.

"आप्पा, चावी कुठं होती?"

"खिशात."

"मग चोरांनी गाडी ढकलत नेली का?"

त्याने टोपी काढून हातात घेतली. "गाडीलाच हुती. माझ्या हातानं पोर घालवली असती मी. कोनत्या तोंडानं सांगू?"

पुरवणी जबाब नोंदवून घेतला. म्हटलं, "मला सांगितलंत. आता तिला सांगा."

संध्याकाळी तो पोरीपुढे उकिडवा बसला. "बाय, चावी मीच गाडीला ठिवली हुती. चूक माझी हाय, तुझी न्हाई. मला लई भ्या वाटलं गं."

"मला बी," आई म्हणाली. या वेळी मोहऱ्या नव्हत्या.

पोरीने बापाच्या गालाला हात लावला. "तुमी रडला व्हय?"

"व्हय."

"मी बी."

मग ती बोलायला लागली. ताडपत्रीखालून दिसलं काही नव्हतं, पण मळीचा वास आला होता, भोंग्यावर कुणी गाड्यांचे नंबर पुकारत होतं, आणि चोरांतला एक दुसऱ्याला 'दाजी' म्हणत होता. म्हणजे साखर कारखान्याचा वजनकाटा! तिथे विचारपूस केली; उसाच्या रांगेत कांद्याचा टेम्पो लोकांच्या लक्षात राहिला होता, त्यावरून दाजी कोण ते कळलं. दाजी आणि मेहुणा, दोघेही टेम्पो आणि कांद्यासकट सापडले.

पोर लगेच बरी झाली असं समजू नका. कित्येक महिने ताडपत्री फडफडली की ती दचकायची. पण आता घरात तिला कुणी गप्प करत नव्हतं. तीच हकिकत ती पुन्हा पुन्हा सांगायची आणि बाप दरवेळी ऐकायचा, नव्याने ऐकतोय असा.

आई-बापांनो, स्पष्टच बोलतो. 'काही झालं नाही' हा धीर नव्हे, लेकराच्या तोंडावर ठेवलेला हात आहे. आणि आपल्या चुकीची गोणी त्याच्या पाठीवर टाकणं तर सरळ अन्याय! चोर आम्ही पकडू हो. लेकराची भीती तुमच्याच मांडीवर उतरते. मला हे या एका पोरीने शिकवलं.

पुढच्या हंगामात त्याच चहाच्या टपरीवर मी थांबलो होतो, तेव्हा तो टेम्पो दिसला. बाप उतरला तशी पोर पुढची सीट सोडून मागे गोण्यांवर चढली.

"आप्पा, मी झोपते. आधी चावी दावा."

बापाने इंजिन बंद करून चावी उंच धरली. "ही बघ. बॅटरीबी नवी हाय, पाटलीनबाई."

तिने नीट बघून घेतलं, गोणीवर डोकं टेकलं, आणि आमचा चहा संपायच्या आत झोपलीसुद्धा.